उंची शून्य

ऑफिसातल्या बेसिनमध्ये एक कप आठ दिवसांपासून पडून होता. तळाशी चहाचा थर, थरावर हिरवट बुरशी, आणि ती बुरशी कुणाला दिसू नये म्हणून त्यावर दुसरा एक कप उपडा घातलेला. आखणीबाई रोज पाणी प्यायला जाई, रोज ते बघे आणि रोज तिच्या घशाशी येई. धुवायला दोन मिनिटं पुरली असती. पण एकदा धुतला की तो आपल्या नावावर चढतो आणि जन्मभर धुवावा लागतो, हे ती वीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याहून लांब संसारात शिकली होती. त्यामुळे ती नाकाला पदर लावल्यासारखं तोंड करून बाटली भरे आणि परत आपल्या खुर्चीवर येऊन बसे.

तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. आखणीबाई हे नाव पडलं ते कामावरून. संगणकावर एखादी खिडकी उघडली की तिच्यात नाव कुठे बसेल, तारीख कुठे, बटणं कुठे, हे ती ठरवायची. ऐकायला वाटतं तेवढं ते सोपं नाही. खिडकी कोण किती ओढेल, कोण किती दाबेल याचा नेम नसतो, म्हणून वस्तू जागेवर ठोकून ठेवता येत नाहीत. त्यांना नियम घालून द्यावे लागतात. ही चौकट डाव्या कडेपासून वीस ठिपक्यांवर. ही ओळ नावाच्या खालीच. हे बटण कधी चेंगरायचं नाही. प्रत्येक नियमाला एक वजन असतं. हजार म्हणजे काहीही झालं तरी पाळायचा, आणि जसजसा आकडा खाली येईल तसतसं ‘जमलं तर बघ बाबा’. मग यंत्र आपलं आपण गणित करतं आणि सगळ्यांना दाटीवाटीनं का होईना, बसवतं.

गोची कुठे होते, तर सगळ्यांना आपलाच नियम हजाराचा हवा असतो. लग्नघरात सात पाहुणे आणि सातही जण खिडकीशेजारच्याच पलंगावर हक्क सांगणारे, तसं. जागा कमी पडली की यंत्र बिचारं कुणातरी एकाचा नियम मोडतं आणि आतल्या नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवतं की, बाबांनो, एवढं सगळं एका वेळी जमणार नाही, म्हणून मी अमुक नियम मोडला. आता ती वही कुणी वाचायची, हा पुढचा प्रश्न.

तिचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसे. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून ओळी लावायच्या, ओळी चौकटीत बसवायच्या आणि चौकट आवळायची. एक ओळ जरी जास्त झाली तरी चौकट आवळली जात नसे. वडील वैतागत, शिव्या देत, पण काय ते तिथल्या तिथे कळे. शिसं दबत नाही. इथे, संगणकावर, सगळं दबतं, आणि दबलेलं दिसतही नाही. या धंद्याचा तिला जो वीट आला होता, त्याची सुरुवात इथून होती.

त्या मंगळवारी सकाळी साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गुळगुळीत, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणारे.

“बसा. एक सही हवी होती. किरकोळ आहे.”

साहेब किरकोळ म्हणाले की ते किरकोळ नसतं, हे तिला ठाऊक होतं.

त्यांच्या कंपनीचा एक प्रोग्रॅम तीन वर्षांपासून एका मोठ्या हॉस्पिटलात चालत होता. वॉर्डातली सिस्टर त्यात बघायची, कोणत्या रुग्णाला कोणतं औषध कधी द्यायचं. एखाद्याला कशाची ॲलर्जी असली, तर त्याच्या नावाखाली तांबडी ओळ यायची. तीन आठवड्यांपूर्वी एका रुग्णाला नेमकं जे चालत नाही तेच इंजेक्शन दिलं गेलं. माणसाचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास अडकला, दोन दिवस जिवावर बेतलं होतं. सुदैवानं तो वाचला आणि घरी गेला. पण इंजेक्शन देणारी सिस्टर चौकशीत सापडली. तिचं म्हणणं, तांबडी ओळ मला दिसली नाही. प्रोग्रॅममधली नोंद म्हणत होती: सूचना दाखवली, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

“शुक्रवारी चौकशी आहे,” साहेब घड्याळाला म्हणाले. “आपल्याकडून एक तांत्रिक अहवाल मागितलाय. ‘सूचना दाखवली गेली का’, होय किंवा नाही. होय वर खूण करायची, खाली सही. आखणीचं काम तुमचं, म्हणून तुमची.”

“होय असेल तर त्या सिस्टरचं काय होईल?”

“बावीस वर्षं नोकरी झालीय म्हणे. घरी पाठवतील. हा आपला विषय नाही.”

“मी आधी तपासते.”

“काय तपासणार? नोंद आहे ना!”

“तरी तपासते,” ती म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर आली.

शेजारच्या टेबलावर ‘दाढी’ बसायचा, तोही प्रोग्रॅमवरच काम करणारा; नाव अर्थातच दाढीवरून पडलेलं. तिशीतला, हुशार, टेबलावर बिस्किटांचा चुरा आणि की-बोर्डच्या फटींत तर एका कोंबडीचं पोट भरेल एवढा. त्यानं तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. तिनं प्रोग्रॅम उघडला, एका खोट्या रुग्णाला खोटी ॲलर्जी दिली. ओळ आली. ठसठशीत, तांबडी, आंधळ्यालाही दिसावी अशी.

“झालं की!” दाढी म्हणाला. “बाई, सिस्टर मोबाइल बघत असणार. करा खूण आणि मोकळ्या व्हा.”

“तू बघत असतोस म्हणून सगळेच बघतात का?”

“मी काम करता करता बघतो.”

त्याच्या त्या सहज बोलण्याचाच तिला राग आला. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर एक बाई घरी जाणार होती आणि हा चुरा खात होता. पण ओळ दिसत होती, हेही खरं. तिच्या पुढ्यातला पडदा मात्र हातभर रुंद होता. वॉर्डातला केवढा असेल? हे तिनं तीन वर्षांत कधी जाऊन बघितलं नव्हतं. ते लक्षात आल्यावर स्वतःचीच थोडी लाज वाटली. डबा न खाताच ती हॉस्पिटलात गेली.

मेट्रन हाताची घडी घालून उभ्या होत्या. “ती चांगली आहे हो,” त्या म्हणाल्या. “माझ्या वॉर्डात तिच्या हातून कधी काही झालं नाही. पण तुमचीच नोंद आहे ना, दाखवली म्हणून. मी काय करू? सध्या तिला चादरींच्या खोलीत बसवलंय. त्या रुग्णाची फाइल मोहोरबंद आहे, ती उघडता येणार नाही. बाकी काय बघायचं ते बघा.”

चादरींच्या खोलीत धुण्याच्या सोड्याचा आणि ओलसर कापडाचा वास कोंडला होता. पन्नाशीची एक बाई चादरी मोजत होती. डोळ्यांवर कोरा करकरीत चष्मा, काडीला अजून दुकानाची चिठ्ठी लोंबत होती.

“मी त्या प्रोग्रॅमच्या कंपनीतून आलेय,” आखणीबाई म्हणाली.

“मग या. आता काय राहिलंय विचारायचं?” सिस्टर म्हणाली, पण कडवटपणे नाही, दमल्यासारखी. “वाचलं नसेन मी. सगळे म्हणतात दाखवलं, तर दाखवलंच असेल. मला आठवतं की ओळ नव्हती. पण आता मला माझ्या आठवणीचंही काही खरं वाटत नाही. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहेत. तरी चष्मा बदलून घेतला. घरी मुलीला औषधाची गोळी देताना तीनतीनदा पाकीट वाचते.”

“तुम्ही काम कसं करत होता, ते मला दाखवाल?”

सिस्टर तिला वॉर्डातल्या टेबलापाशी घेऊन गेली. पडदा जुना, चौकोनी, शाळेच्या पाटीएवढा. त्याच्या वरच्या कडेवर, मधोमध, चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला. जखमेवर लावतात ती पट्टी. कडा काळवंडलेल्या.

“हे काय?”

“ही आमची खूण. डावीकडे औषधांची खिडकी, उजवीकडे खाटांची. कुठली खाट ते बघितल्याशिवाय औषध कसं देणार? तुमच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकत्र दिसत नाहीत. म्हणून औषधांची खिडकी पट्टीपर्यंत ओढायची, तिथून पुढे खाटा. तिन्ही पाळ्यांतल्या सगळ्या जणी असंच करतो. नवीन मुलगी आली की पहिल्यांदा हेच शिकवतो, पट्टीपर्यंत ओढ.”

“आणि अक्षरं?”

“अक्षरं मोठी केलीत. आमच्यात निम्म्या जणी चाळिशीच्या पुढच्या.”

आखणीबाईनं तिथल्याच एका रुग्णाची नोंद उघडली. त्यालाही ॲलर्जी होती. ओळ दिसली. पट्टीपर्यंत ओढूनही दिसली. सिस्टरनं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. “बघा,” ती म्हणाली. “आहे ती.”

आखणीबाईला तो क्षण नकोसा झाला. पण एक गोष्ट खटकली. या रुग्णाचं नाव आटोपशीर होतं. “त्या माणसाचं नाव काय होतं? म्हणजे नाव नको, मोठं होतं की लहान?”

“अबब! स्वतःचं, बापाचं, आजाचं आणि वर जोडआडनाव. हाक मारेपर्यंत माणूस बरा होऊन घरी जाईल.” एवढं बोलून सिस्टर पहिल्यांदा हसली आणि लगेच, हसू नये असं वाटून, गप्प झाली.

आखणीबाईनं पडद्याच्या डाव्या कडेपासून पट्टीपर्यंतचं अंतर वितीनं मोजलं. एक वीत आणि चार बोटं. “मला थोडी चिकटपट्टी द्याल?” तिनं विचारलं. सिस्टरनं कात्रीनं एक तुकडा कापला आणि तिच्या तर्जनीवर अलगद चिकटवून दिला, पोराला लागलं असल्यासारखा.

ऑफिसात परत आल्यावर तिनं वीत टाकली, चार बोटं मोजली आणि पडद्याच्या कडेवर पट्टी लावली. अक्षरं वॉर्डातल्याएवढी केली. खोट्या रुग्णाला चार मजली नाव दिलं. तांबडी ओळ जागेवर होती. मग तिनं खिडकी पट्टीपर्यंत ओढली.

नाव एका ओळीत मावेना, म्हणून खाली दुसऱ्या ओळीवर उतरलं. आणि तांबडी ओळ गेली.

बोटभर उजवीकडे ओढलं, ओळ आली. परत पट्टीपर्यंत, गेली. मध्ये काही तडफड नाही, अर्धं अक्षर नाही, तुटलेला काना नाही. जणू तिथे कधी काही नव्हतंच. खाली औषधांची यादी नीटनेटकी, त्यात ते इंजेक्शन, शेजारी हिरवं बटण: दिलं.

तिला किळस आली. नुसतं म्हणायचं म्हणून नाही, खरोखर. फ्रिज सरकवल्यावर मागे दिसतं ना, ते बघून येते तशी.

“ए दाढी,” ती म्हणाली. “ही नोंदवही कुठे गेली? यंत्र काय मोडलं ते लिहितं, ती.”

“ती बंद केलीय मी. मागच्या वर्षी.”

“बंद?”

“सारखी बडबड करायची ती. पडदा उघडला की दहा ओळी तक्रारी. काम सुचेना. आणि दिसायला तर सगळं नीट दिसतंय.”

“कचरा उचलायचा नाही आणि वास येतो म्हणून नाक बंद करून घ्यायचं!” ती ओरडलीच. “एक बाई तिकडे चादरी मोजतेय, माहितेय तुला? डोळे तपासून घेतलेत तिनं. तुम्हा लोकांना ना, आपल्या खालचं आपणच काढायची सवय कुणी लावलीच नाही.”

दाढी लालबुंद झाला. ऑफिसातल्या बाकीच्या माना वर आल्या आणि परत खाली गेल्या. तिनं वही चालू केली. पडद्यावर तक्रारी ओतल्या जाऊ लागल्या, तुंबलेल्या मोरीतून पाणी वर यावं तशा. चारशे बारा. ती एकेक वाचत गेली. इथे दोन बटणांनी एकाच जागेवर हक्क सांगितलेला. तिथे एक चौकट तीनशेहून रुंदही हवी आणि दोनशेहून अरुंदही. कुणीतरी नियम नीट न लावता प्रत्येकाला हजार देऊन टाकलेले. वाचता वाचता दाढीला आणखी काय काय ऐकवायचं हेही ती मनात जमवत होती.

चारशे बाराव्या तक्रारीपर्यंत ती आली. तांबड्या ओळीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

ती पुन्हा वरपासून शोधत आली. नव्हतंच. यंत्रानं ती ओळ गिळली होती आणि तक्रारही केली नव्हती. असं कसं? नियम मोडला तर यंत्र लिहितं. लिहिलं नाही, म्हणजे नियम मोडला नव्हता. म्हणजे कुणीतरी त्याला परवानगी दिली होती.

तिनं त्या खिडकीचे नियम उघडले. वरच्या चौकटीची उंची ठरलेली, हजार. रुग्णाचं नाव, कापायचं नाही, नऊशे नव्याण्णव. तांबडी ओळ: दाबलं तर दबायचं. वजन एक. हजारातलं एक. म्हणजे जागा अपुरी पडली की पहिला बळी हिचा, तोही विनातक्रार. शेजारी कुणीतरी टिपण लिहून ठेवलं होतं: “तात्पुरतं. नंतर बघू.”

कुणी लिहिलं, तेही यंत्र ठेवतं. तिनं ते उघडलं. तीन वर्षांपूर्वीची तारीख. आणि तिचं नाव, पगारपत्रकातलं.

बराच वेळ ती त्या नावाकडे बघत राहिली. मग आठवलं. साहेबांना तो पडदा कुणालातरी दाखवायचा होता. लांब नाव आलं की वरची चौकट फुगून वेडीवाकडी दिसायची. “जरा देखणं करा,” ते म्हणाले होते. तिनं देखणं केलं. दुसऱ्या दिवशी नीट करायचं असं ठरवून दोन आकडे टाकले. ते काम पाच मिनिटांचं होतं. त्या दिवशी एवढी काय घाई होती, हे मात्र काही केल्या तिला आठवेना. एखादं आजारपण, मुलाची परीक्षा, काहीतरी मोठं असतं तर तेवढाच आधार झाला असता. काहीच नव्हतं. कंटाळा आला असेल, बस.

दाढीनंही ते नाव बघितलं. आता तो हसेल, बोलेल, मघाचं सगळं सव्याज परत करेल, असं तिला वाटलं. पण तो हळूच आपली खुर्ची सरकवून आपल्या जागेवर गेला. त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि जे होतं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. घड्याळाकडेही बघितलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “प्रश्न काय आहे? सूचना दाखवली गेली का. प्रोग्रॅमनं ती दाखवली. दाखवण्याचा हुकूम दिला, नोंद केली. उंची जरा कमी पडली, एवढंच.”

“कमी नाही. शून्य होती.”

“शून्य हीसुद्धा उंचीच आहे मॅडम.”

तिला क्षणभर वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पण साहेबांचा चेहरा तसाच गुळगुळीत होता. त्यांना त्या वाक्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं. पालीचं शेपूट तुटून पडावं आणि वळवळत राहावं, तसं ते वाक्य तिच्यासमोर टेबलावर वळवळत राहिलं.

“तुम्ही आकडे बदलून टाका, उद्यापासून ओळ दिसेल, कुणाला पुन्हा त्रास होणार नाही,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “मागचं कशाला उकरायचं? तुमचंच नाव निघेल त्यात. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. उद्या सकाळी सही आणून द्या.”

घरी गेल्यावर तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः न जेवता ओट्यावरच्या शेगडीचा मागचा भाग घासायला घेतला. तिथला चिकटा वर्षानुवर्षांचा. घासणीचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जात होता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “अगं, त्या शेगडीनं काय घोडं मारलंय तुझं? पत्रा निघेल तिचा.”

“आई, किती घाण आहे बघा ना.”

“ती काय आजची आहे? मी सून होते तेव्हापासून आहे. काय झालंय ते सांग.”

घासता घासता तिनं सांगितलं. नवराही आला आणि फ्रिजला टेकून ऐकत राहिला. तो सरळ माणूस. भांडणाच्या नावानं त्याला ताप येई. “मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “खोटी सही करू नकोस. पण आपल्या हातानं लिहूनही देऊ नकोस काही. आजारी आहे म्हणून सांग शुक्रवारपर्यंत. आकडे तेवढे दुरुस्त करून टाक. मधला मार्ग.”

तिचा हात थांबला. देखणं तर दिसलं पाहिजे, नीट उद्या करू, आज कुणाला दुखवायला नको. तीन वर्षांपूर्वी तो एकाचा आकडा टाकताना ती नेमकी याच मधल्या मार्गावर उभी होती. नवऱ्याची तिला किळस आली नाही. आपण दोघं एकाच पिठाचे, याची आली.

“त्या बाईला कुणी सांगितलं का?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठल्या?”

“अगं, चादरीवाल्या. तिचे डोळे बरे आहेत हे तिला कुणी सांगितलं का? का ती अजून गोळ्यांची पाकिटं वाचतेय?”

आखणीबाईनं घासणी खाली ठेवली. चौकशी, सही, साहेब, आपलं नाव, या सगळ्यात ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. ओळ नव्हती हे दुपारपासून तिला माहीत होतं, आणि ती घरी येऊन शेगडी घासत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग जेव आधी. सकाळी पहिलं ते कर,” असं म्हणून सासूबाईंनी तिच्या हाताखालून शेगडी ओढून घेतली.

सकाळी ऑफिसात जाऊन तिनं अहवाल लिहिला. होय आणि नाही, दोन्ही चौकोन कोरे ठेवले. खाली लिहिलं: ‘प्रोग्रॅमची नोंद “दाखवली” म्हणते, कारण ती ओळ पडद्यावर आहे एवढंच बघते, तिची उंची बघत नाही. वॉर्डातल्या पडद्यावर, वॉर्डातल्या रीतीनं खिडकी ठेवली आणि रुग्णाचं नाव दोन ओळींचं असलं, की त्या ओळीची उंची शून्य होते. ती कुणालाही दिसू शकत नाही. सिस्टरना ती दिसली नाही, हे खरं आहे. हा नियम मी तीन वर्षांपूर्वी तात्पुरता म्हणून लिहिला आणि पुन्हा बघितला नाही.’ पट्टीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असे दोन फोटो जोडले. सही केली, पूर्ण नावानं. एक प्रत मेट्रनना, एक साहेबांना. साहेबांना आधी दाखवली असती तर ती पुढे गेलीच नसती, हे ती जाणून होती.

मग उठून बेसिनपाशी गेली. वरचा कप उचलला, खालचा उचलला, श्वास रोखून दोन्ही केराच्या डब्यात टाकले आणि हात तीनदा धुतले.

दहा मिनिटांत साहेब बाहेर आले. हातात अहवाल होता. चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा पहिल्यांदाच थोडा उडालेला. “हे तुम्ही परस्पर पाठवलंत?”

“हो.”

“याचे परिणाम कळतात तुम्हाला?”

“थोडेफार.”

“तुमचं काय ते...” साहेब शब्द शोधत राहिले. “तुमचं काय ते नंतर बघू.” आणि जाता जाता बेसिनकडे बघून थबकले. “इथला माझा कप कुठे गेला?”

दाढीला ठसका लागला. आखणीबाईनं खाली मान घालून दोन आकडे बदलले. तांबडी ओळ, हजार. वरच्या चौकटीची ठरलेली उंची काढूनच टाकली. फुगू दे तिला, दिसू दे वेडीवाकडी. शेजारचं टिपण पुसलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

मग तिनं लगेच हॉस्पिटलात फोन लावला. मेट्रननी उचलला. “वाचलं मी,” त्या म्हणाल्या. “हे पत्र असताना चौकशीत उरतंय काय? शुक्रवारी सोपस्कार होतील, पण तिला मी उद्यापासूनच वॉर्डात घेतेय. थांबा, इथेच उभी आहे ती.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“म्हणजे ओळ नव्हतीच?” सिस्टरनं विचारलं.

“नव्हती. तुमचे डोळे चांगले आहेत. चूक माझी होती.”

“तीन आठवडे,” सिस्टर म्हणाली आणि थांबली. मग तिचा आवाज बदलला. त्यात रडू नव्हतं, आभार तर नव्हतेच. “तीन आठवडे मी स्वतःला आंधळी समजत होते. माझ्या पोरीसमोर. तुम्हाला ठाऊक आहे, मला आत्ता तुमची किती किळस येतेय?”

“येऊ दे,” आखणीबाई म्हणाली. “मलाही येतेय.”

पलीकडे वॉर्डातली कुठलीतरी ट्रॉली खडखडत गेल्याचा आवाज आला. मग सिस्टरनं, कामाचं विचारावं तसं, विचारलं, “मग आता आम्ही खिडकी पूर्ण उघडी ठेवायची का? पट्टी काढून टाकू?”

“नको. राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही पट्टीपर्यंतच ओढा. तिथे ओळ दिसली पाहिजे, हे बघणं माझं काम आहे. उद्या येते मी, तुमच्यासमोर ओढून बघू. सगळ्यात लांब नावाचा रुग्ण शोधून ठेवा.”

“तसा दुसरा एक आलाय,” सिस्टर म्हणाली. “अकरा नंबरच्या खाटेवर. चार मजली.”

फोन ठेवल्यावर आखणीबाईनं नोंदवही पुन्हा उघडली. चारशे बारा तक्रारी वाट बघत होत्या. तिनं स्वतःच्या पडद्यावरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून नीट बसवली, दाढीला हाक मारली, “चुरा झटक आणि खुर्ची घेऊन ये इकडे,” आणि पहिलीपासून सुरुवात केली.